पॅचची तारीख

जांबोटीची साडेअकराची बस आली
आणि तुळसाक्का हलगेकर उतरल्या.
खानापूर स्टँडासमोर माझं दुकान, सहा बाय चार,
एक स्टूल, एक भिंग, एक हीट गन.
पिशवीत मेथी, अंगणवाडीची वही,
आणि रुमालात गुंडाळलेला मोबाईल.

"बघ की रे नारसू, ॲप उघडंना झालंय.
ग्रुपवर मॅडमनी सांगितलंय, अपडेट मारा.
मारते की. रोज उठून मारते.
ते म्हणतंय, तुमचं डिव्हाइस अद्ययावत आहे."

हे वाक्य माझ्या ओळखीचं.
ज्या घराला पत्र येणं कधीच बंद झालंय
त्या दारावरनं जाताना पोस्टमन म्हणतो तसं:
तुमचं काही बाकी नाही.

सेटिंग. खाली, अजून खाली,
पार तळाला अबाऊट फोन.
अँड्रॉइड अकरा.
त्याच्या पोटात बारीक अक्षरात सिक्युरिटी पॅच:
पाच ऑगस्ट, दोन हजार बावीस.
"अक्का, ही तारीख बघायची.
वरची हिरवी टिकली सगळ्यांनाच लावतात."

"बावीस कसं? मी घेतला तेवीसच्या गणपतीत!
बेळगावात, गणपत गल्लीत. बिल हाय."
बिल होतं. छापील कन्नड,
खाली दुकानदाराची मराठी सही.

मग मी ते सांगितलं
जे दिवसातून चारदा सांगतो:
कंपनी वर्षं मोजते फोन बाजारात आला तिथपासनं,
तुमच्या घरात आला तिथपासनं नाही.
तिसऱ्या वेताची म्हैस
दावं बदललं म्हणून पहिलारू होते काय?

अक्का हसल्या. मग हसायच्या थांबल्या.
"म्हणजे फसवलं मला."
"फसवलं नाही. सांगितलं नाही."
"त्यात फरक काय, बे?"
मी भिंग पुसत बसलो.

काउंटरखाली माझी एक वही आहे.
कुठलं मॉडेल, कधी आलं,
मोठे अपडेट किती, नुसते पॅच किती वर्षं.
कंपनीनं लिहून दिलेलं मी शाईनं उतरवतो,
सेल्समननं तोंडी सांगितलेलं पेन्सिलीनं.
महागड्यांच्या पानावर सहा, सात वर्षं, निळी शाई.
मधल्यांना तीन, चार.
आणि आमच्या स्टँडावर जे खपतात
त्यांच्यापुढं एखादा आकडा, नाहीतर रेघ.
पेन्सिली फार लागतात मला.

"पुढचा घेताना आधी खोक्यावरचा नंबर मला कळवा.
नावावर जाऊ नका, नाव एकच असतंय.
तुमच्या गावात परशराम किती?"
"चार."
"मग. पत्र घर नंबरावर जातंय."

"पुढचं पुढं," अक्का म्हणाल्या,
"आज सतरा पोरांची वजनं भरायचीत.
रात्री बारानंतर ते लिहितंय,
सेविकेनं वजन घेतलं नाही."

दुकानात दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती.
एकाची काच फुटलेली, एकाला नुसतं कव्हर पाहिजे.
मी लेकीचा फोन घेतला, अक्काचं लॉगिन टाकलं,
ओटीपी त्यांच्याच जुन्या फोनवर आला:
तेवढं अजून येतंय त्याला.

त्या वहीतनं वाचत गेल्या, मी दाबत गेलो.
ॲप कन्नडात, वही मराठीत,
किलो दोघांचा एकच.
नऊ दोनशे. दहा. आठ नऊशे.
कव्हरवाला स्टुलावर बसून ऐकायला लागला.

अकराव्या नावाला स्क्रीन लाल झाली.
मी थांबलो. "अक्का, सात चारशे?
मागच्या महिन्यात सात आठशे होतं.
आकडा चुकला असंल."

त्यांनी वही माझ्याकडं फिरवली,
नावाखाली दोनदा रेघ मारलेली.
"चुकला नाही. तीनदा तोललंय.
त्यासाठनंच तर आलोय मी, दाब."

मी दाबलं.
बाहेर जांबोटीची बस हॉर्न मारत होती
आणि अजून सहा पोरं राहिली होती.